रुग्णाच्या उशाशी कोण उभे राहणार?

(चांदूर बाजार येथे महिलांच्या एका कार्यक्रमात झालेल्या भाषणाचे हे शब्दांकन. वक्त्यांनी अनेक वर्षे रुग्णालयात अधिसेविका म्हणून काम केले आहे.)



चांदूर बाजारला बोलायला उभे राहायचे म्हणजे प्रथम माधानच्या दिशेने हात जोडायचे. प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराजांची ही भूमी. तान्हेपणीच त्यांची दृष्टी गेली. तरीही शास्त्रे, दर्शने, आयुर्वेद, संगीत, इतकेच नव्हे तर पाश्चात्त्य विचारवंतांचे सिद्धान्त त्यांनी आत्मसात केले आणि अवघ्या तेहतीस-चौतीस वर्षांच्या आयुष्यात विपुल ग्रंथसंपदा मागे ठेवली. आपण त्यांच्या प्रज्ञेपुढे नतमस्तक होतो, ते योग्यच आहे. परंतु त्यांना ग्रंथ वाचून दाखविणारा कोणी तरी होता. ते सांगत ते लिहून घेणारा, वाटेत हात धरणाराही कोणी तरी होता. मोठ्या आयुष्यांच्या मागे असे अनेक हात उभे असतात आणि चरित्रांत त्यांची नावे क्वचितच येतात. आज मला अशाच हातांविषयी बोलायचे आहे.

महाराजांनी १९१५ साली पुण्यात देह ठेवला. त्याच काळात, त्याच पुण्यात एक विधवा स्त्री असे हात शेकड्यांनी घडविण्याच्या कामात गढलेली होती. तिचे नाव रमाबाई रानडे. २०१२ साली दूरचित्रवाणीवर 'उंच माझा झोका' ही मालिका सुरू झाली, तेव्हा घराघरांत हे नाव पोहोचले. धाकट्या यमुनेचे शिक्षण, माधवरावांचा करारी पण प्रेमळ स्वभाव, घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांचा विरोध, हे सारे आपल्याला पाठ झाले. मात्र न्यायमूर्ती रानडे गेल्यानंतर रमाबाई आणखी तेवीस वर्षे जगल्या आणि त्यांचे स्वतंत्र कर्तृत्व या तेवीस वर्षांतले आहे, हे आपल्यापैकी किती जणींच्या लक्षात आहे? त्या कर्तृत्वाचा एक मोठा भाग म्हणजे रुग्णालयांना प्रशिक्षित भारतीय परिचारिका मिळवून देणे. आजच्या भाषेत बोलायचे तर आरोग्यसेवेसाठी मनुष्यबळ उभे करणे.

'मनुष्यबळ' हा शब्द कोरडा वाटतो. आपल्याकडे रुग्णालय म्हटले की आधी इमारत डोळ्यांपुढे येते, मग यंत्रे, मग मोठ्या डॉक्टरांचे नाव. देणगीदाराला कोनशिला हवी असते. ती लागते, फीत कापली जाते, वर्तमानपत्रात छायाचित्र येते. पण रात्री अडीच वाजता सलाईन संपले, रुग्णाला धाप लागली, बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झाला, तर पहिली धाव कोणाची? डॉक्टर येऊन तपासतात आणि औषध लिहून देतात. ते औषध वेळेवर देणारी, ताप-नाडी-रक्तदाब नोंदविणारी, रुग्णाचा बदललेला चेहरा ओळखून डॉक्टरांना बोलावणारी परिचारिका असते. ती नसेल तर कोट्यवधींची इमारत ही केवळ खाटांची धर्मशाळा होय.

हे मनुष्यबळ किती लागते, याचाही साधा हिशेब सांगते, कारण तो सहसा कोणी सांगत नाही. वॉर्डात चोवीस तास एक परिचारिका हवी, तर रोजच्या तीन पाळ्या, आठवड्याच्या एकवीस. एका व्यक्तीने आठवड्यात सहा पाळ्या करायच्या. म्हणजे एका जागेसाठी साडेतीन माणसे झाली. रजा, आजारपण, बाळंतपण, प्रशिक्षण धरले की किमान चार. एका वेळी पाच परिचारिका हव्या असतील तर पगारपत्रकावर वीस नावे हवीत. जिथे दहाच नावे असतात, तिथे उरलेल्या दहा जणींचे काम त्याच दहा जणींच्या झोपेतून वसूल होते आणि त्या थकव्याची किंमत रुग्ण मोजतो. ड्यूटीचा तक्ता लावताना मी हे वर्षानुवर्षे पाहिले आहे.

आता शंभर-सव्वाशे वर्षे मागे जाऊ. त्या काळी आपल्या समाजात सेवाशुश्रूषा नव्हती काय? होती, आणि उत्तम होती. आजीबाईंचा बटवा होता, गावची सुईण होती, आजाऱ्याच्या उशाशी रात्र रात्र बसणाऱ्या सासवा-सुना होत्या. पण ती सेवा घरच्यांसाठी होती. परक्या माणसाची, परजातीच्या माणसाची, अनोळखी पुरुषाची शुश्रूषा करणे आणि त्यासाठी वेतन घेणे ही कल्पनाच आपल्या मध्यमवर्गाला सहन होत नव्हती. इंग्लंडमध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० साली परिचारिकांची शाळा काढून या कामाला शास्त्र आणि प्रतिष्ठा दिली. आपल्याकडे १८८५ साली व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरीन यांच्या पुढाकाराने स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठी निधी उभा राहिला. अमरावतीच्या स्त्री रुग्णालयाला आजही आपण 'डफरीन'च म्हणतो. आपल्यापैकी कितीतरी जणींचा जन्म तिथलाच! रुग्णालये उभी राहिली, पण त्यांत काम करणाऱ्या परिचारिका मुख्यतः युरोपीय, अँग्लो-इंडियन आणि मिशनऱ्यांनी शिकविलेल्या ख्रिस्ती मुली होत्या. त्यांनी केलेल्या सेवेबद्दल कृतज्ञच राहिले पाहिजे. मात्र जी सेवा आपण स्वतः करायला लाजत होतो, ती दुसऱ्यांच्या लेकी करीत होत्या, हे वास्तव आपल्यासाठी भूषणावह नव्हते.

दुसऱ्या बाजूला आपल्याच वाड्यांच्या माजघरांत काय चालले होते? बालविवाहाच्या चालीने वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षी विधवा झालेल्या मुली केशवपन करून, आलवण नेसून, दुसऱ्यांच्या चुलीपाशी आयुष्य कंठत होत्या. हातपाय धडधाकट, बुद्धी तरतरीत, कष्टाची सवय. आणि तरी त्या घरावरचा भार समजल्या जात. एकीकडे रुग्णालयांना हात हवे होते, दुसरीकडे हजारो हात वाया जात होते. या दोन टोकांची गाठ मारावी, हे ज्यांना सुचले आणि ज्यांनी ते करून दाखविले, त्यांत रमाबाईंचे नाव अग्रभागी आहे.

रमाबाई मूळच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या, कुर्लेकरांच्या कन्या. जन्म १८६२ चा. अकराव्या वर्षी, १८७३ साली, विवाह झाला. पतीने शिकविले. त्यापायी घरातल्याच स्त्रियांची बोलणी ऐकावी लागली, ती त्यांनी ऐकली. १९०१ च्या जानेवारीत न्यायमूर्ती गेले. तेव्हा रमाबाई चाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. मूलबाळ नव्हते. मुंबई सोडून त्या पुण्यातल्या घरी परतल्या. त्या काळच्या प्रतिष्ठित घरातील विधवेने पुढचे आयुष्य देवदर्शन, पोथी आणि उपासतापास यांत घालविले असते, तर कोणीही नावे ठेवली नसती. उलट वाहवाच केली असती.

काही काळ एकांतात काढल्यावर त्या बाहेर पडल्या, त्या थेट येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री कैद्यांना भेटायला. त्या बायकांशी बोलणे, त्यांना चार चांगल्या गोष्टी वाचून दाखविणे, त्यांची दुःखे ऐकून घेणे, असे हे काम होते. रुग्णालयांतही त्या जात. आजाऱ्यांसाठी फळे, फुले, पुस्तके नेत. सेवेच्या क्षेत्रातील त्यांचा पुढील सारा प्रवास अशा भेटींतून घडला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. त्यांनी आधी योजना आखली नाही. आधी दुःख जवळून पाहिले.

१९०८ साली मुंबईत बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी सेवासदन स्थापन केले. एक पारशी आणि एक सिंधी सद्गृहस्थ. आणि त्यांनी नेतृत्वासाठी रमाबाईंना गळ घातली. पुढच्याच वर्षी, १९०९ साली, रमाबाईंनी पुण्यात आपल्या राहत्या वाड्यातच पुणे सेवासदन सुरू केले. नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे संघटक म्हणून त्यांच्या पाठीशी उभे राहिले. देवधरांचा व्याप देशभर होता. संस्थेला घरपण, विश्वास आणि दिशा दिली ती रमाबाईंनी.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. परिचारिका हव्यात, असे म्हणून त्या मिळत नसतात. जाहिरात दिली आणि रांग लागली, असे तेव्हा होणे शक्यच नव्हते. वाटेवर चार कुलपे होती आणि रमाबाईंनी ती क्रमाक्रमाने उघडली.

पहिले कुलूप अक्षरांचे. औषधाची चिठ्ठी वाचता येत नाही, तापमापकावरचे अंक कळत नाहीत, ती स्त्री परिचारिका कशी होणार? म्हणून सेवासदनाने प्रौढ स्त्रियांसाठी अगदी मुळाक्षरांपासून वर्ग चालविले. पंचवीस-तीस वर्षांच्या स्त्रिया पाटी घेऊन बसल्या. त्याच छपराखाली शिवण-टिपणाचे, प्रथमोपचाराचे वर्ग आणि शिक्षिका घडविणारे अध्यापिका विद्यालय होते. म्हणजे परिचर्येकडे जाणारी वाट रुग्णालयाच्या दारापासून सुरू होत नव्हती, ती बाराखडीपासून सुरू होत होती.

दुसरे कुलूप निवाऱ्याचे. पुण्याच्या ससून रुग्णालयात प्रत्यक्ष शिक्षण घ्यायचे. पण विधवा मुलीने राहायचे कोठे? रात्रपाळी करून पहाटे परतणाऱ्या मुलीसाठी कोणत्या घराचे दार उघडे राहणार होते? त्यासाठी सेवासदनाने वसतिगृहे काढली. त्यांतील एक खास परिचर्या शिकणाऱ्या उमेदवारांसाठी होते आणि एक वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनींसाठी. आज वसतिगृह ही आपल्याला सामान्य गोष्ट वाटते. त्या काळी मात्र रानड्यांच्या पत्नीची देखरेख असलेले वसतिगृह याचा अर्थ, मुलीच्या अब्रूला एक जामीन मिळाला, असा होता. बापाने, भावाने मुलगी पाठविली ती रुग्णालयाच्या भरवशावर नव्हे, रमाबाईंच्या भरवशावर.

तिसरे कुलूप मानाचे, सर्वांत गंजलेले. याविषयीचा एक प्रसंग त्यांच्या चरित्रात सांगितला जातो. सेवासदनाचा वार्षिक बक्षीस समारंभ होता. सभागृह भरलेले, सज्जात कॉलेजातील विद्यार्थी दाटीवाटीने उभे. परिचर्या शिकणारी एक विधवा विद्यार्थिनी बक्षीस घ्यायला व्यासपीठावर आली. जुन्या चालीप्रमाणे केशवपन केलेले, अंगावर तांबडे आलवण, डोक्यावरून पदर. सज्जातील विद्यार्थ्यांनी तिची टर उडविली. रमाबाई एरवी मृदुभाषी. पण त्या दिवशी त्यांनी त्या तरुणांना भर सभेत खडसावले. तुम्हांला शिकलेले म्हणावे तरी कसे, रूढीची बळी झालेल्या बहिणीला तुम्ही हसता. तुमच्या प्रत्येकाच्या घरात अशी एखादी बहीण, आत्या, मावशी किंवा प्रत्यक्ष आईही असेल, हे तुम्ही विसरलात, अशा आशयाचे ते बोल होते. सारी सभा स्तब्ध झाली.

या प्रसंगात मला संतापाहून वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. ती विद्यार्थिनी आलवण नेसून आली होती. आधी केस राख, आधी पातळ बदल, आधी घरच्यांशी भांडण करून ये, मग तुला शिकवू, अशी अट सेवासदनाने तिला घातली नव्हती. ती होती तशीच तिला आत घेतले आणि तिच्या हाती विद्या दिली. परंपरेशी उभे वैर न धरता तिच्यातील अन्याय दूर करण्याची ही रीत होती. काहींना ती संथ वाटली. पण जुन्या वळणाच्या शेकडो घरांनी आपल्या मुली निश्चिंतपणे पाठविल्या, त्या याच रीतीमुळे.

त्याच पुण्यात पंडिता रमाबाईंनी आणि धोंडो केशव कर्व्यांनी स्त्रियांसाठी आपापल्या मार्गाने मोठे काम केले. नामसाम्यामुळे दोन रमाबाईंची गल्लत होते, म्हणून हे मुद्दाम सांगितले. मार्ग वेगवेगळे होते. जे ज्याचे श्रेय ते त्याला दिलेच पाहिजे.

चौथे कुलूप स्वावलंबनाचे. केवळ पुण्य मिळेल म्हणून रुग्णसेवा कर, असे रमाबाईंनी त्या मुलींना सांगितले नाही. शिक्षण पुरे झाल्यावर नोकरी आणि नोकरीतून स्वतःच्या पायांवर उभे राहण्याइतके उत्पन्न, हे उद्दिष्ट स्पष्ट होते. ज्या विधवेला दीर-भावजयीच्या घरात दोन वेळच्या अन्नासाठी मिंधे राहावे लागे, तिच्या हाती महिन्याचे वेतन येणे हीच खरी क्रांती होती. सेवाभाव आणि वेतन यांत विरोध आहे, हा आपला एक सोयीस्कर गैरसमज. वेतन घेणारा शिक्षक आपण गुरुस्थानी मानतो, सैनिकाला वेतन मिळते म्हणून त्याच्या शौर्याला कोणी कमी लेखत नाही. मग परिचारिकेनेच तेवढे वेतनाचे नाव काढले की सेवाभाव आटला, असे का म्हणायचे?

१९२४ साली रमाबाईंचे निधन झाले, तेव्हा पुणे सेवासदनाच्या विविध विभागांत हजाराहून अधिक स्त्रिया शिकत होत्या. स्वतःच्या वाड्यात पाटी-पेन्सिलीने सुरू झालेले काम पंधरा वर्षांत इथवर आले. १९६२ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

तरीही देशाची गरज अफाट होती. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, सर जोसेफ भोर यांच्या समितीचा अहवाल आला. त्या वेळी देशात सुमारे सात हजार परिचारिका होत्या. म्हणजे साधारण ४३ हजार लोकांमागे एक! डॉक्टरांचे प्रमाण सहा हजार तीनशे लोकांमागे एक होते. जगात सर्वत्र डॉक्टरांहून परिचारिका अधिक असाव्या लागतात; आपल्याकडे चित्र उलटे होते. ज्या समाजाने आपल्या मुलींना या कामापासून दूर ठेवले, त्याला त्याची किंमत मोजावी लागली. १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला, शिक्षणात एकसूत्रता आली. पुढे केरळमधील मुलींनी हे क्षेत्र अक्षरशः पेलले. मुंबई-दिल्लीपासून आखाती देशांपर्यंत त्यांनी रुग्णालये सांभाळली आणि आपापली घरे वर काढली.

आपल्या विदर्भानेही या बाबतीत देशाला एक धडा दिला आहे. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ पासून 'सर्च' या संस्थेचे काम उभारले. दुर्गम गावात डॉक्टर पोहोचत नाही, परिचारिकेची जागा भरली जात नाही. मग तान्ह्या बाळांना वाचवायचे कोणी? त्यांनी गावातल्याच, जेमतेम शिकलेल्या स्त्रियांना 'आरोग्यदूत' म्हणून शिकविले. डॉ. राणीताईंनी गावच्या सुईणींना अडाणी म्हणून झिडकारले नाही. त्यांच्याकडून शिकून घेतले आणि त्यांना शिकविले. ३९ गावांतील या प्रयोगाने नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले आणि १९९९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. २००५ साली देशभर सुरू झालेल्या 'आशा' योजनेत, हजार लोकसंख्येमागे गावातलीच एक प्रशिक्षित स्त्री, हीच दृष्टी दिसते. रमाबाईंनी वाड्यातील विधवेत परिचारिका पाहिली, राणीताईंनी झोपडीतील बाईत आरोग्यदूत पाहिली. काळ वेगळा, प्रदेश वेगळा, पण सूत्र एकच. माणसे तयार मिळत नसतात. ज्यांच्याकडे कोणी पाहत नाही, त्यांच्यातून ती घडवावी लागतात.

आता आपल्या घराकडे वळू. आज चांदूर बाजार, अचलपूर, मोर्शी, वरूड या संत्र्याच्या पट्ट्यातील अनेक मुली एएनएम, जीएनएम, बी.एस्सी. नर्सिंग करीत आहेत. परतवाड्याच्या पलीकडे मेळघाटच्या उपकेंद्रांवर त्यांच्यापैकी कितीतरी जणी काम करतात. मैदानी भागात पाच हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा शासनाचा निकष आहे. कागदावर तीन हजार माणसे; प्रत्यक्षात नाले, घाट आणि विखुरलेले ढाणे. तिथे पावसाळ्यात लसींचा डबा खांद्याला लावून चालणारी मुलगी आपलीच असते.

या मुलींची चार कुलपे उघडली आहेत काय? अक्षराचे उघडले. इतर तिन्ही अजून पुरती उघडलेली नाहीत, असे खेदाने म्हणावे लागते.

मानाचे पाहा. २०२० साली कोरोनाची साथ आली, तेव्हा आपण दारात उभे राहून थाळ्या वाजविल्या. त्याच काळात अनेक ठिकाणी परिचारिकांना घरमालकांनी खोली सोडायला सांगितले. स्थळे पाहताना "मुलगी नर्स आहे, रात्रपाळी असते," असे खालच्या आवाजात सांगितले जाते. मुलीचा पगार चालतो, तिची पाळी चालत नाही! माझ्या हाताखाली तयार झालेल्या एका अत्यंत कुशल मुलीने लग्नानंतर याच कारणाने काम सोडले. तिच्यासारखी अतिदक्षता विभागातील परिचारिका घडायला सात-आठ वर्षे लागतात. एका घराच्या हट्टापायी एका जिल्ह्याचे नुकसान होते.

वेतनाचे पाहा. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने २०१६ साली खासगी रुग्णालयांतील परिचारिकांविषयी शिफारशी केल्या. दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात राज्य सरकारी परिचारिकेइतके वेतन आणि पन्नासहून कमी खाटांच्या लहान रुग्णालयातही महिन्याला किमान वीस हजार रुपये, असे त्यांत म्हटले आहे. आपल्या परिसरातील लहान-मोठ्या दवाखान्यांत प्रत्यक्षात काय मिळते, हे इथे बसलेल्या मुलींना विचारा. आशाताईंना तर वेतन नाहीच. मानधन आणि कामागणिक मोबदला यांवर त्यांचे घर चालते.

निवाऱ्याचे पाहा. तालुक्याच्या ठिकाणी एकट्या मुलीला सुरक्षित खोली मिळणे, रात्री उपकेंद्रावर सोबत असणे, पहाटेच्या पाळीला पोहोचण्यासाठी वाहन असणे, हे प्रश्न अजूनही ज्याचे त्याने सोडवायचे, असेच चालले आहे.

आणि एक प्रश्न तर थेट आपल्या मध्यमवर्गीय घरांतला आहे. मुले पुण्याला, हैदराबादला, काहींची अमेरिकेत. आई-वडील इथे. वडिलांना पक्षाघात झाला की ब्यूरोकडून एक 'मावशी' बोलाविली जाते, बारा तासांसाठी किंवा चोवीस तासांसाठी. ती कोण आहे, तिने काय शिकले आहे, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर कसे वळवायचे, हे तिला कोणी शिकविले आहे काय, तिच्या हाती पडणारी रक्कम किती आणि मधल्या मध्ये जाणारी किती, हे आपण विचारतो का? चोवीस तासांच्या मावशीने झोपायचे केव्हा, हा प्रश्न आपल्या मनात येतो का? पंगतीत तिचे पान कोठे असते? ज्यांच्या हाती आपण जन्मदात्यांना सोपवतो, त्यांच्याशी आपला व्यवहार इतका आखडलेला असावा, हे आपल्या संस्कारांना शोभणारे नाही.

भगिनींनो, केवळ हळहळून उपयोग नाही. रमाबाई हळहळल्या नाहीत, त्यांनी आपल्या वाड्याचे दार उघडले. आपल्यालाही करता येण्याजोग्या काही गोष्टी आहेत.

ज्यांच्या हाती एखाद्या विश्वस्त संस्थेचे रुग्णालय आहे, त्यांनी पुढची इमारत बांधण्याआधी आहेत त्या वॉर्डांचा ड्यूटीचा तक्ता मागवून पाहावा. किती जागा, किती माणसे, कोणाला सलग किती रात्री? देणगीदारांनी एकदा तरी यंत्राऐवजी परिचारिकांच्या वसतिगृहासाठी देणगी द्यावी. गावात ज्यांच्या घराच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, त्यांनी त्या नोकरी करणाऱ्या मुलींना विश्वासाने द्याव्यात. आपल्यासारख्या महिलांच्या गटांनी घरी वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या मावशींसाठी रुग्णालयाच्या मदतीने छोटे प्रशिक्षणवर्ग चालवावेत: शय्याव्रण कसे टाळायचे, नळीने अन्न कसे द्यायचे, साखर कमी झाल्याची लक्षणे कोणती. शिवाय आपल्या घरी ठेवलेल्या मावशीला आठवड्याची सुट्टी आणि ठरलेला मोबदला मिळेल, हे स्वतः पाहावे.

इथे बसलेल्या तरुण मुलींना वेगळे सांगायचे आहे. तुम्ही परिचारिका व्हा, एवढेच मी म्हणणार नाही. पुढे जाऊन तुम्ही तो तक्ता लावणाऱ्या व्हा. परिचारिका स्त्रिया असतात, पण किती परिचारिका घ्यायच्या, त्यांना काय द्यायचे, हे ठरविणाऱ्या टेबलाभोवती स्त्रिया फार थोड्या असतात. अधिसेविका व्हा, शिक्षिका व्हा, रुग्णालयाचे प्रशासन शिका. स्वतःची संस्था काढून प्रशिक्षित माणसे घरोघरी पुरवा. मात्र त्यांचे वेतन राखून आणि त्यांची जबाबदारी घेऊन. रमाबाई स्वतः परिचारिका नव्हत्या. त्या परिचारिका घडविणाऱ्या आणि त्यांच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या होत्या. नेतृत्व म्हणजे हेच. आपल्या माणसाची टर उडविली जात असताना भर सभेत उभे राहण्याची तयारी त्यात येते, आणि त्याच माणसाच्या निवाऱ्याची, जेवणाची, शिक्षणाची चिंता सभा संपल्यावरही वाहणे येते.

आणि सासूबाई होणार असलेल्या, किंवा झालेल्या माझ्या मैत्रिणींनो, तुमच्याकडे एकच मागणे आहे. उद्या तुमच्या घरी सून म्हणून परिचारिका आली, तर तिच्या रात्रपाळीचा डबा तुम्ही भरून द्या. सकाळी ती परत येईल तेव्हा घरात आवाज होऊ देऊ नका, तिला चार तास झोपू द्या. त्या रात्री ती कोणाच्या तरी आईच्या उशाशी उभी होती.